मिश्रासाहेबांची रॅक

आमच्या घरचा स्वयंपाक मिश्रा डॉक्टरांच्या स्कूटरवर चालायचा. रायपूरच्या गुढियारीत मालधक्क्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर पुढे आमचं मेडिकल, मागे दोन खोल्या, आणि रस्त्याच्या पलीकडे, अगदी समोर, डॉक्टरांचा दवाखाना. सकाळी त्यांची स्कूटर स्टँडवर चढल्याचा आवाज आला की आई गॅसवर जे असेल ते आवरतं घ्यायची. आता दुपारपर्यंत बाबा आत येणार नव्हते आणि तिलाही केव्हा हाक येईल याचा नेम नव्हता. दुपारी स्कूटर दोन-चार लाथा खाऊन सुरू व्हायची, आवाज वळणापलीकडे विरायचा आणि आमचा कुकर लागायचा. गुरुवारी दवाखाना बंद. त्या दिवशी आई पाटवड्या करायची, कारण पाटवडीला हात रिकामे लागतात. अजूनही कुठे जुनी स्कूटर सुरू होताना ऐकली की मला भूक लागते. हे मी सहसा कुणाला सांगत नाही.

घराला दोन वास होते. पुढून बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्यांचा आणि मागून फोडणीचा. मधल्या दाराच्या पडद्याला दोन्ही चिकटलेले असायचे. यार्डात मालगाडीचे डबे एकमेकांवर आदळले की रॅकमधल्या सिरपच्या बाटल्या किणकिणायच्या, आणि बाबा गिऱ्हाइकाशी बोलता बोलता एक हात सवयीनं तिकडे न्यायचे. उरल्याच्या कारखान्यांकडून काळी धूळ यायची. सकाळी पुसलेल्या फळीवर संध्याकाळी बोटानं नाव लिहिता यायचं. आई रोज दोनदा फडकं मारायची आणि म्हणायची की लोकांच्या घरी लक्ष्मी येते, आमच्याकडे लोखंड येतं. बाबा भंडाऱ्याकडचे, फार्मसीचा डिप्लोमा करून पोटासाठी इकडे आलेले. आई पुरानी बस्तीतली; तिच्या माहेरचे लोक भोसल्यांच्या वेळेपासून रायपूरचे, त्यामुळे ती बाबांना अजून बाहेरगावचे समजायची. उन्हाळ्यात ती रात्रीच्या भाताची पाण्यात भिजवलेली बासी कांद्याबरोबर खायची. बाबा नाक मुरडायचे. ती म्हणायची, तुमच्या बाटल्यांपेक्षा बरी, हिच्यानं माणूस बरा तरी होतो.

दुकान लावायची बाबांची रीत त्यांची स्वतःची होती. कुणी औषधं कंपनीप्रमाणे लावतो, कुणी अक्षरांप्रमाणे. बाबा डॉक्टरप्रमाणे लावायचे. त्यांचं म्हणणं असं की डॉक्टर माणूस शिकतो पुष्कळ, पण लिहितो जन्मभर तीच ती औषधं, उलटीपालटी करून. मग चिठ्ठी आली की दुकानभर कशाला हिंडायचं? ज्याची चिठ्ठी त्याच्या रॅककडे हात न्यायचा. सगळ्यांत मोठी, काउंटरच्या मागची, पाच फळ्यांची रॅक मिश्रा डॉक्टरांची. तिच्या माथ्यावर जखमेला लावायच्या पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा आणि त्यावर निळ्या शाईनं लिहिलेलं ‘मिश्रा सा.’ शेजारी एक बारकी रॅक रेल्वेच्या दवाखान्याची, आणि कोपऱ्यात ‘बाकी’. दुधाच्या बाटल्या, ग्राइप वॉटर, बाम, कापूस हे सगळं बाकीत. मिश्रा डॉक्टरांचं अक्षर फक्त दोन माणसांना वाचता यायचं, बाबांना आणि आईला. स्वतः डॉक्टरांनाही कधी कधी यायचं नाही. ते कंपाउंडरला चिठ्ठी घेऊन पाठवायचे, की मी हे काय लिहिलंय ते विचारून ये.

या रीतीत एक खोट होती आणि ती आम्हाला कुणालाच खोट वाटत नव्हती. औषधाचं दुकान म्हणजे काय, तर दुसऱ्याच्या पेनावर विश्वास ठेवून भरून ठेवलेला माल. किंमत कंपनी छापते, काय विकायचं ते डॉक्टर ठरवतो, केव्हा घ्यायचं ते रोगी ठरवतो. दुकानदाराच्या हातात फक्त एवढंच, की काय आणून ठेवायचं आणि किती. त्यातही तारीख उलटायच्या बेतात आलेली अख्खी पट्टी कंपनीकडे परत जाते, कापलेली जात नाही. आणि गुढियारीत अख्खी पट्टी घेणारं गिऱ्हाईक कुठलं? मालधक्क्यावरचे हमाल, उरल्यातल्या रोलिंग मिलचे कामगार, रोजीवर जाणाऱ्या बाया. आजची रोजी आजच्या गोळ्या. म्हणून आमच्या काउंटरवर पैशांच्या गल्ल्याइतकीच महत्त्वाची वस्तू म्हणजे कात्री. ती एका दोरीनं काउंटरला बांधलेली होती. मला अक्षरओळख झाल्यावर बाबांनी पहिली शिकवलेली गोष्ट ही, की पट्टी तारखेकडून कापायची नाही. पलीकडून कापत यायचं. तारीख शेवटपर्यंत आपल्याकडे राहिली पाहिजे. शेवटच्या दोन गोळ्या नेणाऱ्याला तारखेसकट मिळतात, आणि पहिल्या नेणाऱ्यानं आपल्यावर भरवसा ठेवलेला असतो.

असा भरवसा ठेवणाऱ्यांत बिसाहिन होती. ती तांदळाच्या गिरणीत पाखडायला जायची. तिचा नवरा उरल्याला रोलिंग मिलमध्ये. त्याला मिरगी होती, म्हणजे फिट्स येत, आणि ही गोष्ट ठेकेदाराला कळली असती तर त्याला दुसऱ्या दिवशी कामावर घेतलं नसतं. मिश्रा डॉक्टरांनी त्याला रोज रात्री एक गोळी लिहून दिली होती, चुकवायची नाही म्हणून. बिसाहिन एक दिवसाआड संध्याकाळी यायची, डोक्यावरचा कोंडा झटकत, आणि म्हणायची, “भैया, दू ठन.” म्हणजे दोन नग, एवढंच. गोळीचं नाव तिनं कधी घेतलं नाही. बाबा मागे न बघता हात नेऊन पट्टी काढायचे. कात्रीचा एकच आवाज व्हायचा.

मिश्रा डॉक्टर एका पावसाळ्यात गेले, दवाखान्यातच, खुर्चीत बसल्या बसल्या. बाबांनी दुकान बंद ठेवलं आणि तेरा दिवस मिश्रांच्या घरी जे जे लागेल ते पाहिलं. डॉक्टरांचा मुलगा बाहेर मोठ्या शहरात शिकत होता. शेवटचं वर्ष होतं. तो येऊन बापाची गादी सांभाळणार हे सगळा मोहल्ला धरून चालला होता. तोवर लोक जुन्या चिठ्ठ्या घेऊन येत राहिले. काहींनी त्यांना प्लास्टिक मढवून घेतलं होतं.

आणि इथे बाबांनी ती गोष्ट केली. मुलगा येणार हे पक्कं झालं, नर्सिंग होमची जागा मोठ्या रस्त्यावर घेतली गेली, तेव्हा औषधांच्या घाऊक व्यापाऱ्याचा माणूस आमच्याकडे आला. दहा घेतले तर तीन फुकट अशी स्कीम होती, मिश्रासाहेबांच्या नेहमीच्या औषधांवर. बाबांनी रॅक पूर्ण रिकामी करून पुसली, फळ्यांवर नवा कागद घातला आणि ती वरपासून खालपर्यंत भरून टाकली. चिकटपट्टीवरचं नाव पुसट झालं होतं, त्यावरून पुन्हा पेन फिरवला. इतका माल आमच्या दुकानात मी कधी पाहिला नव्हता. आई पडद्यापाशी उभी राहून पाहत होती.

“पोट्टा इतका शिकून येऊन राहिला,” ती म्हणाली, “तो बापाचीच दवाई काहून लिहिन?”

“पेन बदलन,” बाबा म्हणाले, “पण हात तं त्याच घरचा हाय न.”

आज मी यावर पुष्कळ विचार केलाय. बाबा काही भाबडे नव्हते. पण त्यांनी आयुष्यभर पाहिलं होतं की सोनाराचा मुलगा सोनाराची हातोडी उचलतो, भजीवाल्याचा मुलगा बापाच्याच मापानं मीठ घालतो. डॉक्टरीही त्यांच्या लेखी एक घराणं होतं. औषधाचं ज्ञान कॉलेजात मिळतं आणि पसंती घरात मिळते, असा त्यांचा हिशेब होता. दुसऱ्या कुठल्या धंद्यात तो बरोबरही ठरला असता.

छोटे मिश्रा आले. लोक त्यांना तसंच म्हणायचे, बापापेक्षा डोकंभर उंच होते तरी. नर्सिंग होम सुरू झालं, पांढऱ्या फरशीचं, आणि आत शिरल्याबरोबर डाव्या हाताला त्यांचं स्वतःचं मेडिकल. चिठ्ठी आता कॉम्प्युटरवर छापून यायची. वाचायला आईची गरज नव्हती. आणि तिच्यावरची औषधं आमच्याकडे नव्हती. काहींची नावं आम्ही ऐकलेलीसुद्धा नव्हती. लोक सवयीनं आमच्याकडे यायचे, बाबा चिठ्ठी हातात घ्यायचे, हात सवयीनं मागे जायचा आणि रिकामा परत यायचा. मग बाबाच म्हणायचे, तिकडे आतूनच घेऊन टाका. दुसऱ्या वेळी ते लोक आलेच नाहीत.

तेव्हा मी माझी पहिली यादी केली. मला यादीशिवाय चैन पडत नाही हे आता सगळ्या नातेवाइकांना माहीत आहे. लग्नघरात पहिल्यांदा मलाच शोधतात. पण ती सुरुवात होती. बारावीत होते. मिश्रासाहेबांच्या रॅकवरची सगळी औषधं मी इंग्रजीत सुवाच्य अक्षरात लिहून काढली, आजाराप्रमाणे गट पाडले आणि बाबा ती घेऊन छोट्या मिश्रांना भेटायला निघाले. मला सोबत घेतलं, कारण अक्षर माझं होतं. म्हणणं एवढंच होतं, की साहेब, ही औषधं आमच्याकडे आहेत, यातली जमतील तेवढी लिहा.

छोट्या मिश्रांनी आम्हाला बसवलं, चहा मागवला. ते वाईट माणूस नव्हते. त्यांनी यादी वरून खाली पाहिली आणि पेपरवेटखाली ठेवली.

“काका, ये कंपनियाँ तो अब हमारे यहाँ आती ही नहीं.”

“पर पिताजी यही लिखते थे, साहब.”

“वो जमाना अलग था, काका.” मग ते थोडे पुढे झुकले. “मैं तो खुद आपको बुलाने वाला था. आप इधर क्यों नहीं बैठ जाते? सर्टिफिकेट आपका, तनख्वाह हर महीने. वहाँ रखा क्या है अब?”

सर्टिफिकेट म्हणजे फार्मासिस्टचं. ते भिंतीवर असल्याशिवाय औषधाच्या दुकानाला परवाना मिळत नाही, आणि एका माणसाचं सर्टिफिकेट एकाच भिंतीवर लागतं. आमचं बाबांच्या खुर्चीच्या वर होतं, गणपतीच्या शेजारी. ते इकडे आलं की आमचं शटर खाली. हे त्या खोलीतल्या तिघांनाही कळत होतं. बाबांनी चहाचा कप बशीत नीट मध्यभागी ठेवला.

“दो साल रुक जाइए,” ते म्हणाले. “मेरी बेटी फार्मसी कर रही है.”

मी फार्मसी करत नव्हते. मी बारावीची परीक्षा देणार होते, आणि घरी पंख्याच्या रेग्युलेटरमागे नागपूरच्या कॉलेजचा फॉर्म खोचलेला होता. मावशीकडे राहून गणित घेऊन बी. एस्सी. करायचं ठरलं होतं. निदान मी आणि आईनं ठरवलं होतं. छोटे मिश्रा माझ्याकडे पाहून हसले आणि म्हणाले, “अच्छा है. देखते हैं काका.” बाबांनी त्या ‘देखते हैं’ला शब्द समजून खिशात घातलं.

परतताना रस्त्यात ट्रकांची रांग होती, आम्हाला थांबावं लागलं. मी म्हटलं, बाबा, मी तर नागपूरले जाणार होती. ते ट्रककडेच पाहत होते.

“मले माहीत हाय. पण दोन भिंती हायेत, बेबी. सर्टिफिकेट एकच हाय. त्यायची भिंत पगार देईन, आपली भिंत दुकान ठेवन. दुसरं सर्टिफिकेट आलं तं दोन्ही जमते.”

हिशेब म्हणून यात काहीच चूक नव्हती. मी घरी येऊन कागदाच्या मध्ये रेघ मारली, एका बाजूला नागपूर लिहिलं, दुसऱ्या बाजूला फार्मसी. नागपूरखाली पुष्कळ काही होतं. दुसऱ्या बाजूला एकच ओळ. तीच भारी होती. फॉर्म आईनं काढून घेतला आणि रेग्युलेटरमागे लाइटचं बिल खोचलं. त्या आठवड्यात गुरुवारी पाटवड्या झाल्या नाहीत.

पुढची दोन वर्षं मी सकाळी बसनं कॉलेजात जायची आणि दुपारी येऊन दुकानात बसायची. कॉलेजात मला औषधं शरीरात गेल्यावर काय करतात ते शिकवत होते; दुकानात मी पाहत होते की औषधं फळीवर राहिली तर घराचं काय करतात. स्कीमचा माल कंपनी परत घेत नाही. हे बाबांना माहीत होतं, पण ज्या औषधाला रोज गिऱ्हाईक आहे ते परत करायची वेळ येईल हे कुणाच्या मनात येतं? आईनं एकदा रॅकची एक फळी मोकळी करून तिथे साबण आणि बिस्किटांचे पुडे मांडले. बाबांनी येऊन पाहिलं आणि सगळे उचलून ‘बाकी’मध्ये नेऊन ठेवले.

“साबण तरी खपते,” आई म्हणाली. “ह्या पट्ट्यायवर तुमचं प्रेम हाय, गिऱ्हाईकाचं नाही.”

“ते मिश्रासाहेबाची रॅक हाय.”

“मिश्रासाहेब गेले न वरते. तिथं साबण लागत नाही, दवाई बी लागत नाही.”

माझा धाकटा भाऊ राजू हसला आणि बाबांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो जेवण सोडून बाहेर गेला. राजू तेव्हापासूनच घरात हिंदी बोलायला लागला होता. त्याचं म्हणणं, मराठीत या घरात फक्त भांडण होतं.

तारखा उलटायला लागल्या. रविवारी दुपारी बाबा जमिनीवर जुनी चादर अंथरायचे आणि आम्ही सगळे पट्ट्यांमधून गोळ्या काढायला बसायचो. तशाच फेकल्या तर कचऱ्यातून उचलून कुणीतरी पुन्हा विकेल, म्हणून एकेक गोळी फोडून बाहेर. अंगठ्यानं दाबायचं, मागची पन्नी फाटायची, टक. चौघांचे अंगठे चालले की बाहेर गारा पडत असाव्यात असा आवाज यायचा. गोळ्या बादलीत, बादलीत पाणी, आणि बाबा काठीनं ढवळायचे. पाणी आधी गुलाबी व्हायचं, मग पिवळं, मग सगळे रंग मिळून मळकट. अंगणाच्या कोपऱ्यात खड्डा केला होता त्यात ओतायचं. तिथे आईची लाल भाजी यायची. त्यानंतर तिनं तिथं काही लावलं नाही. अंगठ्याच्या टोकाला जी वेदना राहायची ती सोमवारी कॉलेजात लिहिताना जाणवायची. एकदा मिश्रासाहेबांच्या खास आवडीचं ताकदीचं टॉनिक होतं. त्याच्या बाटल्या उपडी करताना बाबा म्हणाले की हे त्यांनी गुढियारीतल्या अर्ध्या बाळंतिणींना दिलंय. आम्ही पुढच्या पट्ट्या ओढल्या. नुसतं टक, टक.

मी पास झाले. ट्रेनिंग संपलं, नोंदणी झाली, सर्टिफिकेट आलं. बाबांनी त्याला त्यांच्यासारखीच लाकडी चौकट करून आणली आणि दोन्ही चौकटी टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या. ठरल्याप्रमाणे माझं इथे लागणार होतं आणि त्यांचं तिकडे. त्यांनी स्वतःचं भिंतीवरून उतरवलं, काच पुसली, वर्तमानपत्रात गुंडाळलं. इस्त्रीचा शर्ट घातला. मला म्हणाले, चाल, साहेबाले दोघं मिळून सांगू.

नर्सिंग होमच्या मेडिकलवर नवी पाटी होती. छोट्या मिश्रांनी ती जागा बाहेरच्या एका कंपनीला चालवायला दिली होती, जिची अशी दुकानं गावोगाव होती. स्वतः डॉक्टर ऑपरेशनमध्ये होते. काउंटरमागे टाय लावलेला एक मॅनेजर होता, माझ्याहून थोडाच मोठा. बाबांनी त्याला सगळं सांगितलं. मोठे मिश्रा, छोटे मिश्रा, दोन वर्षं. त्यानं अदबीनं ऐकून घेतलं.

“अंकल, सर से कंपनी का एग्रीमेंट हो गया है. और हमें फ्रेश लोग चाहिए, सब सिस्टम पे है.” मग त्याची नजर माझ्याकडे वळली. “मैडम का रजिस्ट्रेशन है? मैडम चाहें तो सोमवार से जॉइन कर लें.”

बाबांच्या काखेत वर्तमानपत्रातली चौकट होती. त्यांनी ती एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतली. मी म्हटलं, विचार करून सांगते. बाहेर आल्यावर बाबांनी उन्हाकडे डोळे बारीक करून पाहिलं.

“तुले बोलावलं न,” ते म्हणाले. “जाय.”

“आणि आपलं दुकान?”

“माहं सर्टिफिकेट हाय न. ते कुठं गेलं?” त्यांनी काखेतल्या पुडक्यावर थाप मारली. “वापस लावून देतो.”

तशी ती चौकट परत गणपतीशेजारी गेली आणि माझी पांढऱ्या फरशीवर गेली. आईनं दोन दिवसांनी भाकरी थापता थापता म्हटलं, “आता बाप इकडं, लेक तिकडं, अन् गिऱ्हाईक मधातल्या नालीत.” तिच्या बोलण्यात राग नव्हता. ती फक्त मांडणी सांगत होती. माझ्या पगारातून आमच्या दुकानाचं भाडं जायला लागलं. जे दुकान आमचं दुकान खात होतं तेच त्याला जगवत होतं, आणि मधली नळी मी होते. पहिल्या तारखेला मी पाकीट देवाजवळ ठेवायची, संध्याकाळी ते तिथे नसायचं.

माझ्या काउंटरवर कात्री नव्हती. कापलेली पट्टी परत जात नाही, म्हणून कापायचीच नाही, असा कंपनीचा सरळ नियम होता. धंद्याच्या दृष्टीनं तो चोख आहे. आज मी त्याच कंपनीचं गोदाम सांभाळते, माझ्या हाताखाली माणसं आहेत, आणि हा नियम मी नव्या मुलांना स्वतः शिकवते. पण बिसाहिन एका संध्याकाळी त्या पांढऱ्या फरशीवर चपला बाहेर काढून आली, डोक्यावर कोंडा तसाच, तेव्हा हा नियम मलाच तिला सांगायचा होता. बाबांकडची ती गोळी संपली होती. इतक्या लहान मागणीसाठी घाऊक व्यापाऱ्याची गाडी आता आमच्या रस्त्याला वळत नव्हती.

“नोनी,” ती म्हणाली, म्हणजे बेटी, “दू ठन दे दे.”

मी सांगितलं, इथे पूर्ण पट्टी घ्यावी लागते. तिनं माझ्या मागच्या, छतापर्यंत गेलेल्या रॅककडे पाहिलं, लाइटकडे पाहिलं, मग काउंटरवर इकडून तिकडे नजर फिरवली.

“अतका बड दुकान,” ती म्हणाली, “अउ कैंची नइ हे?”

तिनं हे टोमणा म्हणून विचारलं नव्हतं. तिला खरंच वाटलं की कात्री हरवली असेल. मॅनेजर मागे उभा होता. तिनं पदराची गाठ सोडली, पाहिलं, परत बांधली आणि चपला घालून गेली. त्या रात्री तिचा नवरा गोळीविना झोपला. काही झालं नाही. पण ती उशाशी बसून राहिली होती, हे तिनंच नंतर बाबांना सांगितलं.

मी घरी येऊन बाबांना सांगितलं तेव्हा ते वरण-भात कालवत होते. ऐकलं आणि जेवत राहिले. सकाळी मी निघताना त्यांनी गल्ल्यातून नोटा काढून माझ्यासमोर ठेवल्या.

“त्याच्या नावाचं बिल कर. एक पट्टी घेऊन ये.”

मी बिसाहिनच्या नवऱ्याच्या नावावर, त्याच्या चिठ्ठीवर, पट्टी घेतली आणि संध्याकाळी आणली. बाबांनी ती दोरीच्या कात्रीनं कापली, तारीख सोडून, पलीकडच्या टोकाकडून. हळूहळू माझी पिशवी भरायला लागली. कुणाच्या साखरेची गोळी, कुणाची बीपीची, कुणाची थायरॉइडची. ज्याच्या नावावर बिल त्याचीच पट्टी, फक्त ती बाबांकडे राहायची आणि तो रोजीप्रमाणे दोन-दोन न्यायचा. यात बाबांना एक पैसा सुटत नव्हता. दुकान म्हणून हे काहीच नव्हतं. पण संध्याकाळी चार माणसं काउंटरसमोर उभी असायची, बाबांचा हात न बघता मागे जायचा आणि आता रिकामा परत येत नव्हता.

असं पुष्कळ वर्षं चाललं. मग बाबांना पट्टीवरची तारीख दिसेना. चष्म्याचा नंबर वाढवला, भिंग आणलं, शेवटी आईला वाचायला बसवलं. एक दिवस त्यांनी स्वतःच सांगितलं की ज्याला तारीख दिसत नाही त्यानं कात्री धरू नये. परवाना परत केला. बिसाहिन आणि तिचा नवरा तोवर गावी निघून गेले होते; बाकीच्यांना मी काय करायचं ते सांगितलं, म्हणजे अख्खी पट्टी घ्या म्हणून सांगितलं. दुसरं सांगण्यासारखं नव्हतं.

रॅक न्यायला भंगारवाला आला त्या दिवशी बाबा आत पडून होते, उठले नाहीत. मी फळ्यांवरचे कागद काढले, खिळे उपटले. वर पाहिलं तर मोठ्या रॅकच्या माथ्यावरच्या चिकटपट्टीवर ‘बेबी’ लिहिलेलं होतं. निळी शाई, बाबांचं अक्षर, शेवटच्या वर्षांतलं, जरा थरथरलेलं. मी आणून दिलेल्या पट्ट्या त्या रॅकवर असायच्या, म्हणजे त्यांच्या रीतीप्रमाणे नाव बरोबरच होतं. रोज संध्याकाळी तिथे उभी राहून पिशवी रिकामी करायची मी, आणि मला कधी मान वर करून पाहावंसं वाटलं नव्हतं. नखानं कोपरा उचलून मी ती पट्टी ओढली. तिच्याखाली दुसरी होती, पिवळी पडलेली, ‘मिश्रा सा.’ बाबांनी ती काढली नव्हती, तिच्यावरच माझी चिकटवली होती. इतक्या वर्षांत दोन्हींचा गोंद एक झाला होता. मी वेगळ्या करायचा प्रयत्न केला, पण फाटायला लागल्या.

“दीदी,” भंगारवाल्यानं रॅकला हात लावून विचारलं, “ये भी ले जाऊँ?”

मी ‘हव, ने’ म्हटलं. त्यानं ती आडवी केली आणि काळी धूळ सगळ्या खोलीभर उडाली.